मार्युनचं हृदय आणि माझं

२६ सप्टेंबर

लाडक्या सोल्रुन,

काल तू फोनवर जे सांगितलंस त्यातलं निम्मं मला समजलं नाही, तरी ‘हो, कळलं’ असं मी उगाच म्हणत राहिलो. तुझा आवाज इतका सरळ, इतका कोरडा होता की मध्येच अडवायचा धीर झाला नाही. लग्नानंतर तू आपणहून केलेला हा पहिलाच फोन, आणि तो असा असावा!

मला जेवढं उमगलं ते इथे मांडतो, चुकलं असेल तर सांग. मार्युन आठ महिन्यांची झाली, पण दूध पिताना दमते, कपाळावर घाम येतो, अंग धरत नाही. तपासलं तर तिच्या हृदयाचे खालचे दोन कप्पे उलटे निघाले. उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे. शिवाय मधल्या पडद्याला भोक आहे. आता कोपनहेगनचे डॉक्टर दोन रस्ते दाखवतात. एक म्हणजे नुसतं भोक बुजवायचं आणि कप्पे देवाने ठेवले तसे राहू द्यायचे. दुसरा म्हणजे मोठी शस्त्रक्रिया करून रक्ताच्या सगळ्या वाटाच फिरवून घ्यायच्या. नाताळच्या आत ठरवायचं आहे. आस्गरला मोठी शस्त्रक्रिया व्हावी असं वाटतं, आणि तुला भीती वाटते. एवढंच ना?

मला एक प्रश्न पडला आहे, हसू नकोस. कप्पे उलटे असतील तर पोर आठ महिने जगली कशी?

आस्गरला माझा नमस्कार सांग. त्याच्या लग्नाला सासरा आला नाही हे तो विसरला नसेल. पण डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणायचा दिवस गाव ठरवतं, मी नव्हे. त्या दिवशी मेंढ्या हाकणाऱ्यांच्या रांगेतली आपल्या घराची जागा रिकामी ठेवायची नसते, हे तुला इथे वाढलेलीला मी काय सांगावं? तरी दर वेळी सांगतोच.

आज संध्याकाळी धक्क्यावर गेलो होतो. शेजारच्या याकुपची होडी परत येत होती आणि शाळेतली ती कविता ओठांवर आली. मास्तर आम्हाला खिडकीपाशी उभं करून, समुद्राकडे तोंड करून म्हणायला लावायचे:

घराकडे वळता नाव, वारा म्हणे, थांब ना;
वल्हे म्हणे, दिवा दिसे, आता कसला थांब ना?

तू लहान असताना ‘थांब ना’ आलं की माझ्या मिशा ओढायचीस. मार्युनला मिशा ओढायला कुणी आहे का तिकडे? आस्गर तर गुळगुळीत दाढी करतो असं फोटोत दिसतं.

तुझा,
बाबा

८ ऑक्टोबर

लाडक्या सोल्रुन,

तुझं पत्र आलं. चित्र काढून पाठवलंस ते फार बरं केलंस. पण चित्रात मला फक्त बाण दिसतात, निळे आणि तांबडे, वाट चुकलेल्या माणसाने काढलेल्या नकाशासारखे. तेव्हा मी माझ्या पद्धतीने शिकायचं ठरवलं.

याकुपने यंदाची पहिली कोकरं कापली. मी त्याच्याकडून एक हृदय मागून आणलं. एल्सपा म्हणाली, “भरून भाजायचंय का? कांदा देऊ?” मी म्हटलं, “नाही वहिनी, शिकायचंय.” तिने याकुपकडे पाहिलं, याकुपने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो स्वतःच सुरी घेऊन माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. साठ वर्षं शेजारी राहतोय, अशा वेळी त्याला घरी बसवत नाही.

हृदय पाटावर ठेवलं. मी म्हटलं, “हा डावा कप्पा.”

“हा उजवा,” याकुप म्हणाला.

“अरे, माझ्या डाव्या हाताला आहे ना?”

“तुझ्या डाव्या हाताला आहे म्हणूनच. मेंढी तुझ्याकडे तोंड करून उभी आहे असं समज. आरशात दाढी करतोस तेव्हा रोज चुकीच्या गालाला कापून घेतोस वाटतं?”

मग आम्ही ते उघडलं. सोल्रुन, आयुष्यभर मी ही हृदयं कापली, खारवली, खाल्ली, आणि एकदाही नीट पाहिलं नाही. एका कप्प्याची भिंत पातळ, मऊ, बोटाने दाबली तर आत जाते. तो उजवा. त्याला फक्त शेजारच्या फुफ्फुसापर्यंत रक्त ढकलायचं असतं, म्हणजे अंगणातून शेजाऱ्याकडे जाण्याइतकंच काम. दुसऱ्याची भिंत जाड, घट्ट, बुटाच्या तळव्यासारखी. तो डावा. त्याने ढकललेलं रक्त डोक्यापासून खुरापर्यंत जायला हवं. याकुप म्हणाला, “हा होडी ओढणारा, आणि हा दोर गुंडाळणारा.”

आणि मग तुझं चित्र मला एकदम कळलं. मार्युनच्यात दोर गुंडाळणाऱ्याला होडी ओढायला बसवलंय! पण वरून येणाऱ्या वाटा चुकल्या तशा पुढे जाणाऱ्या नळ्याही चुकल्या, म्हणून चूक आणि चूक मिळून रक्त शेवटी बरोबर ठिकाणीच पोचतं. म्हणून ती जगली. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पातळ भिंतीचा तो कप्पा बिचारा तक्रार न करता ओढतोय.

याकुप सुरी पुसत म्हणाला, “ओढेल रे. पण किती दिवस?”

ते हृदय आम्ही खाल्लं नाही. एल्सपाने कांदा परत नेला.

अंगावर शाल घेऊन लिहितोय. हल्ली मी खालच्याच खोलीत झोपतो, वरची गार पडते.

बाबा

१९ ऑक्टोबर

लाडक्या सोल्रुन,

बसून वाच. आणि मग आस्गरलाही वाचून दाखव.

तू लिहिलं होतंस की असलं हृदय क्वचित एखाद्या घराण्यात पुन्हा सापडतं, म्हणून तुला आणि मला तपासून घ्यायला सांगितलंय. मी तोर्सहावनच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टर रन्वा म्हणजे माझ्या शाळासोबत्याची नात, लहानपणी तिच्या नाकाला कायम शेंबूड असायचा. आता ती मला “शर्ट काढा, आजोबा, आणि श्वास धरा” असं सांगते. छातीवर गार काहीतरी लावून ती पडद्यावर बघत बसली. बघत बसली, बघत बसली, मग उठून दुसऱ्या डॉक्टरला बोलावून आणलं. दोघं आपापसात कुजबुजले.

मी विचारलं, “मेलोय का मी?”

“नाही आजोबा,” रन्वा म्हणाली, “पण तुम्ही असे बहात्तर वर्षं चालताय कसे ते बघतोय.”

सोल्रुन, माझेही कप्पे उलटे आहेत! अगदी मार्युनसारखे. फक्त माझ्या पडद्याला भोक नाही. बहात्तर वर्षं माझा दोर गुंडाळणारा होडी ओढतोय आणि मला पत्ता नाही. याच हृदयाने मी वल्ही मारली, कड्यांवर दोराने उतरून पक्ष्यांची अंडी काढली, याच हृदयाने नाचाच्या गोलात सकाळपर्यंत पाय आपटले, तुझ्या आईच्या मागे लागलो. मला किती हलकं वाटलं सांगू? शाळेत धावताना मी नेहमी शेवटचा. मास्तर म्हणायचे, “मिक्यल धावत नाही, मिक्यल कविता करत येतो.” खरं म्हणजे मी कविता करत नव्हतो, मला दम लागायचा, आणि दम लागला की आपोआप आकाशाकडे बघत उभा राहायचो. आता कळतंय, आकाश मला कुणी दाखवलं ते.

तेव्हा तुझा प्रश्न सुटलाय. भोक तेवढं बुजवून घ्या आणि पोरीला तिच्या आजोबाचं हृदय राहू द्या. मोठ्या शस्त्रक्रियेत काय काय होऊ शकतं ते तू लिहिलं होतंस, ते वाचून माझी झोप गेली होती. आठ महिन्यांच्या पोराचं हृदय थांबवायचं, वाटा कापायच्या, पुन्हा शिवायच्या! कशाला? मी उभा आहे ना तुमच्यासमोर, जिवंत पुरावा.

रन्वा आणखीही थोडं काहीबाही बोलली. वयाचं.

मार्युनची पापी घे.

बाबा

२७ ऑक्टोबर

लाडक्या सोल्रुन,

तुझ्या पत्रात प्रश्नच प्रश्न आहेत, वकिलाने विचारावेत तसे. एकेक करून उत्तर देतो.

दम लागतो का? या वयात कुणाला लागत नाही. पाय सुजतात का? बूट नवे आहेत, अजून बसले नाहीत. डॉक्टर नक्की काय म्हणाल्या? म्हणाल्या, असे रुग्ण फार थोडे, आणि माझ्याएवढे म्हातारे तर आणखी थोडे. ही काय वाईट गोष्ट आहे?

तू लिहितेस, ‘बाबा, तुमच्यावर विसंबून मी डॉक्टरांना लहान शस्त्रक्रियेला हो म्हणणार आहे. आस्गरही तुमचं पत्र वाचून तयार झाला. म्हणून शेवटचं विचारते, सगळं खरं सांगितलंत ना?’

तू माझ्यावर विसंबलीस हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. किती वर्षांनी.

परवा मेंढ्या खाली आणायच्यात. धुक्यामुळे दोनदा पुढे ढकललं. मी जाणार आहे. आजारी माणूस डोंगरावर जातो का? तूच सांग.

बाबा

२ नोव्हेंबर

सोल्रुन,

हे पत्र पोचायच्या आधी मी फोन करणार आहेच. पण फोनवर मी पुन्हा ‘बूट नवे आहेत’ म्हणेन, मला माझी सवय ठाऊक आहे. म्हणून आधी लिहून काढतो.

मेंढ्या आणायच्या दिवशी डोंगरावर धुकं नव्हतं, उन्हाने गवत तांबूस दिसत होतं. सगळं गाव रांगेत. तुला आठवत असेल, आपल्या घराची जागा वरच्या खडकांच्या खाली, उजवीकडे याकुप, डावीकडे त्याची सून बिर्गित. वरून रांग हळूहळू खाली सरकायची, हाका मारत, हात पसरत, आणि मेंढ्या पुढे पुढे खालच्या कुंपणाकडे. दोन माणसांमध्ये अंतर वाढलं की मेंढीला ते आपल्या आधी कळतं.

अर्ध्या वाटेवर माझ्या डोळ्यांपुढे राखाडी पडदा आला. छातीत काही दुखलं नाही, नुसतं सगळं लांब गेलं, हाका, वारा, माझे पाय. मी एका दगडावर बसलो. ओरडलो नाही. वाटलं, दोन श्वास घेतो आणि उठतो, कुणाला कळायचंही नाही. डोळे उघडले तेव्हा मेंढ्या माझ्या दोन्ही बाजूंनी वर पळत होत्या. सगळा कळप. आधी एक काळी, मग तिच्यामागे सगळ्या, अगदी माझ्या गुडघ्यांना घासून.

गावाचा अख्खा दिवस वाया गेला. आणि सोल्रुन, मला कुणी काही बोललं नाही. खाली कॉफी मांडली होती, प्रत्येकजण येऊन माझ्या बशीत केकचा तुकडा ठेवून गेला. एवढा केक मला कधी मिळाला नव्हता. मी मान वर करू शकलो नाही.

शेवटी याकुप येऊन शेजारी बसला. म्हणाला, “डोंगरावर बसणं हा काही गुन्हा नाही, मिक्यल. माझा बाप तर झोपायचा. पण बसायचं तर हाक मारून बस ना, गाढवा! तू गप्प राहिलास, आम्ही समजलो तू उभा आहेस. हाक मारली असतीस तर मी इकडून सरकलो असतो, बिर्गित तिकडून सरकली असती. भोक पडलंच नसतं.”

मी म्हटलं, “लाज वाटली.”

“आणि आता?”

आता ऐक. रन्वा जे ‘काहीबाही’ बोलली ते हे. माझा ओढणारा कप्पा ताणून ताणून ढिला पडलाय, जुन्या स्वेटरच्या कोपरासारखा. त्याची झडप मिटत नाही, रक्त मागे गळतं. कप्प्यांना वेळ सांगणारी जी तार असते ती असल्या हृदयात मुळातच नाजूक, माझी तर मधूनमधून तुटते. डोंगरावर ती तुटली होती. मला पेसमेकर बसवायला हवा, तोही लवकर. दोन वर्षांपासून मी जिना चढू शकत नाही, वरची खोली गार पडते म्हणून नव्हे. बूट जुनेच आहेत, पाय सुजतात. गेल्या हिवाळ्यात एल्सपाने तीन वेळा मला अंगणातून उचलून घरात आणलं आणि दर वेळी मी तिला सांगितलं की बर्फावर घसरलो. रन्वाने असंही सांगितलं की माझ्यासारखी बरीच माणसं माझ्या वयापर्यंत पोचतच नाहीत. मी पोचलो कारण माझ्या पडद्याला भोक नव्हतं, आणि कारण मी सगळीकडे शेवटचा पोचत आलो.

एक गोष्ट तिने आग्रहाने सांगितली, ती तुझ्या डॉक्टरांनीही सांगितली असेल. मार्युनच्या त्या भोकामुळेच तिच्या खऱ्या डाव्या कप्प्याला, जाड भिंतीच्या, अजून जोर लावायची सवय आहे. आज त्याला त्याच्या कामावर बसवता येईल. नुसतं भोक बुजवलं तर तो शेजाऱ्याकडे ये-जा करायच्या कामाला लागेल, पातळ होईल, आणि मग पुढे कधी त्याला हाक मारली तरी तो येऊ शकणार नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तुला सांगितलं, पोरीला आजोबाचं हृदय राहू द्या.

का, ते विचारशील. सुरीची भीती होतीच. पण नुसती भीती असती तर मी भीती म्हणून लिहिलं असतं. मला आवडलं होतं ग, पोरी. या जगात आणखी एक जीव माझ्यासारखा आहे, आतून माझ्यासारखा, हे मला फार आवडलं होतं.

आता तू ठरव. तू आणि आस्गर. मी कुठल्याच बाजूचा पुरावा नाही. मी रांगेतला एक माणूस आहे आणि दगडावर बसलोय, एवढंच ओरडून सांगतोय. तुम्ही सरका.

बाबा

२८ नोव्हेंबर, कोपनहेगन, तिसरा मजला

लाडक्या सोल्रुन,

एकाच इस्पितळात तू पाचव्या मजल्यावर मार्युनजवळ, मी पेसमेकर बसवून तिसऱ्यावर, आणि मधे माझा हा खोकला. लहान मुलांच्या वॉर्डात खोकणाऱ्या म्हाताऱ्याला सोडत नाहीत, योग्यच आहे. म्हणून हे पत्र आस्गरच्या खिशातून जिना चढून तुझ्याकडे येतंय.

तुझा नवरा भला माणूस आहे. काल येऊन खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “या वेळी मेंढ्यांनी सुट्टी दिली वाटतं?” मी इतका हसलो की नव्या पेसमेकरच्या टाक्यांवर हात ठेवून बसावं लागलं. नर्स धावत आली. मग त्याने मला एक फोटो दाखवला, पडद्यावरचे दोन फोटो शेजारी शेजारी, मार्युनचं हृदय आणि माझं. तुमचे मोठे डॉक्टर दोन्ही बघून म्हणाले म्हणे की निर्णय सोपा नव्हता, पण आजोबांचं हृदय शेजारी ठेवल्यावर पुढचं बोलणं थोडक्यात आटोपलं. माझ्या ढिल्या कप्प्याकडे बघून तू काय म्हणालीस ते आस्गरने मला सांगितलं नाही. म्हणाला, “ती रडली आणि सही केली.” 

शस्त्रक्रियेच्या दिवशी तुम्ही वर बाकावर बसला होतात तेव्हा मी इथे पडून शाळेतल्या सगळ्या कविता म्हणून काढल्या. आठवतील तेवढ्या. शेजारच्या खाटेवरचा डॅनिश म्हातारा दुपारी म्हणाला, “अहो, तुमच्या बेटांवर बोलायला कुणी नसतं का?” मी म्हटलं, नातीचं हृदय थांबवलंय वर. त्याने कूस वळवून माझ्याकडे तोंड केलं. म्हणाला, “मग म्हणा. जरा मोठ्याने म्हणा.” संध्याकाळी आस्गर दारात आला, त्याच्या तोंडाकडे बघून कळेना काय ते. पुढे येऊन त्याने फक्त माझा हात धरला आणि म्हणाला, “आपोआप सुरू झालं, बाबा. डावा ओढतोय.” मला त्याने पहिल्यांदाच बाबा म्हटलं, तेही मला नंतर रात्री आठवलं.

तेव्हापासून पोरगी घशात श्वासाची नळी लावून झोपली आहे आणि तू तिच्या उशाशी. आस्गर म्हणतो ओठ गुलाबी झालेत. मला खूप बघावंसं वाटतं, पण खोकला मोडल्याशिवाय मी हट्ट करणार नाही.

एकच मागणं आहे. उद्या सकाळी तिची नळी काढतील. नळी निघाली की ती रडेल, आस्गर म्हणतो त्याआधी मूल रडू शकत नाही. माझ्या खाटेपाशी फोन आहे. तिने तोंड उघडलं की तो लाव आणि तिच्या जवळ धर. तू काही बोलू नकोस, कशी आहे ते सांगू नकोस. मी पहाटेपासून जागा असेन. मला नुसतं तिचं रडणं ऐकायचंय.

बाबा